न उकळलेलं नायलॉन

अण्णा,

शाफ्ट ज्यात फिरतो तो नायलॉनचा बुश पाण्यानं फुगूनच अडकला होता. तेल कमी पडलं नव्हतं आणि भोकही लहान कापलेलं नव्हतं. काल दुपारी टॉवेल कारखान्याच्या रंगखात्यातला फिटर आला आणि हे माझ्या टेबलावर दाखवून गेला. अडकलेला बुश त्यानं करवतीनं उभा चिरून काढला होता. जोडीचा दुसरा त्यांच्या स्टोअरमध्ये कोरडा पडून होता. तो त्यानं आधी मोजला, तर आपल्या मापाच्या कार्डाप्रमाणे तंतोतंत भरला. मग लोखंडी कड्यात दाबून बसवला आणि दोन दिवस रंगाच्या टाकीतल्या गरम पाण्यात सोडला. काल त्यात शाफ्ट घालायला गेला तर शाफ्ट जाईना. "ताई, माप बरोबर हुतं," तो म्हणाला, "मालच फुगलाय. मामा ह्या खेपेला उकळायला इसरले काय?" मी उठले आणि चहा टाकला. चहा होईपर्यंत काही बोलले नाही, चहा दिल्यावरही बोलले नाही. माझं गप्प बसणं त्यानं हो म्हणूनच धरलं. कप खाली ठेवत म्हणाला, "चालायचंच की. वय झालं माणसाचं."

मामांना तुम्ही मागावरून उठवून लेथवर उभं केलंत तेव्हा ते ऐन पंचविशीत असतील. आता सत्तरी उलटली आहे. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत लेथ मामांनी चालवला आणि टेबल मी. घरी ते तेलुगू बोलतात, म्हणून मला लहानपणापासून अम्मा म्हणतात. मी पन्नाशीला आले तरी अम्माच. सोलापुरात आपल्या रस्त्यावर ज्यांची दुकानं आहेत त्यांच्यात एक म्हण पडली होती, की मामांच्या हातचा बुश बसवताना हातोडी लागत नाही. गेल्या आठ-नऊ दिवसांत त्याच रस्त्यावर दुसरं बोललं जातंय. मामांचे डोळे गेले, मामांचा हात गेला. ते माझ्यामुळे बोललं जातंय, अण्णा. म्हणून लिहायला बसले.

मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. सुट्टीचा दिवस आहे. आई भाकऱ्या थापते आहे. तुम्ही खाकी पिशवीतून पांढऱ्या बुशांची रास ओट्यावर ओतता, अर्धवट कापलेले, शेवटचं माप घ्यायचं बाकी असलेले. मागच्या चुलीवर अॅल्युमिनियमचं ते मोठं पातेलं चढतं, एका बाजूनं चेपलेलं, आतून काळं पडलेलं. आईनं त्याच्या काठावर खिळ्यानं फुली मारून ठेवली आहे, चुकून त्यात डाळ शिजू नये म्हणून. "अहो, ह्या घरात माणसं जेवतात," ती तव्याकडे बघतच म्हणते, "तुमच्या मशिनीच्या बांगड्यांना जेवायला दुसरीकडे घाला की." तुम्ही हसता. तीन-चार तास ते बुश रटरटत राहतात, मग त्याच पाण्यात संध्याकाळपर्यंत निवतात. घरभर एक ओलसर, किंचित गोड वास. मी विचारते, हे कशाला शिजवायचं, ते काय मऊ होणार आहे? तुम्ही पातेल्यावर झाकण सरकवत सांगता, "ह्याला तहान असते, बाळ. आपण हितं पाजलं न्हाय तर ते तितं जाऊन पिणार. आणि तितं पिऊन फुगलं तर शाफ्टचा गळा धरणार. म्हणून आदी पाजायचं, फुगू द्यायचं, आणि मग माप घ्यायचं."

हे तुम्ही कुठं शिकलात ते मी कधी विचारलं नाही. नायलॉन आपल्या दुकानात आलं तेच मुळी डागांमुळे, एवढं मला ठाऊक आहे. पूर्वी मागाचे बुश गनमेटलचे, त्या पिवळट काशाचे असत. गनमेटल वर्षानुवर्षं टिकायचं, उष्णता बाहेर टाकायचं, पाण्याला भीक घालायचं नाही. पण त्याला तेल लागायचं, आणि तेलाचा एक थेंब पांढऱ्या टॉवेलवर पडला की तो टॉवेल बाद. नायलॉनला तेल नको. आवाज नको. वजन तर नाहीच. मागवाले खूश झाले. बाकीच्या टर्नरांनी धातूचीच मापं नायलॉनला लावली, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांचे बुश परत आले. तुमचे आले नाहीत. तुमच्या वहीत त्या काळातलं एक पान आहे. वर 'स्वभाव' असं लिहिलेलं आणि खाली रेघा मारून रकाने. गनमेटल: तेल संपलं की ओरडतं. बीड: भार सोसतं, ठोका सोसत नाही. पोलाद: वाकेल, पण सांगून. नायलॉनच्या पुढं तुम्ही इतकंच लिहिलंय: ओरडत नाही, लक्ष ठेवावे.

सातवीत मी गणितात पहिली आले तेव्हा तुम्ही मला एकाच मापाचे दोन ठोकळे दिलेत, एक गनमेटलचा आणि एक नायलॉनचा, दोन्ही अंगठ्याएवढे, दोन्ही तुम्ही स्वतः कापलेले. मी बांगड्या मागितल्या होत्या, म्हणून तोंड पाडलं. तुम्ही म्हणालात, दोन्ही उन्हात ठेव आणि तासानं हात लाव. गनमेटलचा हाताला चटका बसला, नायलॉनचा नुसता कोमट लागला. "आता सांग, जास्त तापलं कुटलं?" मी गनमेटल म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. दोन्ही सारखीच तापलेली असतात, पण गनमेटल आपली उष्णता लगेच हातात देतं, आणि नायलॉन आत धरून ठेवतं. तुम्ही म्हणालात, हातावर विश्वास ठेवायचा, पण कुणाच्या बाबतीत ठेवायचा ते कळायला पाहिजे. ते दोन्ही ठोकळे अजून माझ्या टेबलावर आहेत, ऑर्डरीच्या कागदांवर वजन म्हणून. खरं म्हणजे वजन गनमेटलचंच. नायलॉनचा पंख्यानं सरकतो.

आणि तो एक दिवस, तुम्ही मला रागावलात तो. कॉलेजच्या सुट्टीत मी दुकानात येऊन मापं लिहून घ्यायची. मामांनी लेथवरून काढलेला नायलॉनचा बुश मी तसाच गरम मोजला आणि आकडा वहीत टाकला. तुम्ही माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतलीत. तुमचा आवाज चढला नाही, कधीच चढायचा नाही. "गरम माणसाचं आणि गरम नायलॉनचं माप घ्यायचं नसतं," तुम्ही म्हणालात, "दोन्ही निवू द्यायची." मामा लेथमागून हसले. मग त्यांनी तो बुश एका फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवला, आणि तासाभरानं मला हाक मारली: "ये अम्मा, आता शाणा झालाय तो."

आता बारा दिवसांपूर्वीचं सांगते. रंगखात्याचं काम सोमवारी आलं आणि बुधवारी पाहिजे होतं. मशीन बंद पडून होतं. फिटर इथंच स्टूल ओढून बसला होता. मामांनी पहिला बुश कापून दिला. मी त्यात भोक तपासायचा गेज घातला तर तो अगदी सैल आत गेला. दोन-तीन केसांच्या जाडीइतकं भोक कार्डापेक्षा मोठं होतं. मी चिडले. फिटरसमोरच म्हणाले, मामा, हे काय चाललंय, डोळे तरी तपासून घ्या. मामा हात पुसत टेबलापाशी आले. "अम्मा, असू दे थोडं ढिलं," ते म्हणाले, "वाफेतलं काम हाय." मी कार्ड त्यांच्यापुढं सरकवलं. तुमच्या अक्षरातलं कार्ड. यावर काय लिहिलंय, मी विचारलं. त्यांनी कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही, त्यांना ते पाठ आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कार्ड उकळलेल्या मालाचं हाय," ते म्हणाले. "हा उकळलाय न्हवं?"

मी हो म्हणाले.

उकळण्याचं काम नेहमी घरचं. आधी तुमचं, मग आईचं, आई गेल्यावर माझं. मामांचा त्यात कधी हात नव्हता. त्या दिवशी मी काही उकळलेलं नव्हतं. सोमवार ते बुधवार एवढ्यात अर्धवट कापायचं, उकळायचं, निववायचं आणि पुन्हा कापायचं हे बसत नव्हतं, आणि फिटर समोर बसला होता, आणि 'नाही' म्हणण्यापेक्षा 'हो' लहान वाटलं. मामांनी कार्ड परत माझ्याकडे सरकवलं. मग लेथकडे गेले, नवा तुकडा लावला आणि कार्डाप्रमाणे कापला. त्याच्या जोडीचाही. गेज असा बसला की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी तो बुश अडकला. शाफ्ट खरवडला गेला आणि एक अख्खा ताका रंगात अडकून अर्धा गडद, अर्धा फिका झाला. कारखान्याच्या मालकाचा फोन आला तेव्हा मामा माझ्यापासून चार पावलांवर होते. मी फोनवर म्हणाले, भोक लहान कापलं गेलं असावं, मामांचं आता वय झालंय. हे मी त्यांच्यादेखत म्हणाले. आवाज साधाच होता, रोज बोलते तसा. मालकानं मामांना फोनवर बोलावलं. मामांनी हात न धुताच फोन घेतला, कानापासून जरा लांब धरला, आणि म्हणाले, "व्हय साहेब. माझाच हात चुकला." बास, तेवढंच. फोन मला परत दिला. जेवणाच्या सुट्टीला नेहमीसारखे नळावर गेले, कोपरापर्यंत हात धुतले, डबा घेतला आणि निघाले. मला वाटलं, झाडाखाली जेवायला गेले. ते परत आले नाहीत. तुम्ही दिलेला मायक्रोमीटर त्यांनी त्याच्या डबीत घालून माझ्या खुर्चीवर ठेवला होता. टेबलावर नाही, खुर्चीवर, म्हणजे मला तो उचलल्याशिवाय बसता येऊ नये.

त्यानंतर चौथ्या दिवशी कुर्डुवाडीहून त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा आमच्याकडे आहेत, बरे आहेत, आता काम नको म्हणतात. ती बिचारी मलाच समजावत होती. म्हणाली, ताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, बाबा स्वतःच सगळ्यांना सांगतात की डोळ्यांनी दगा दिला, तुमच्याबद्दल एक शब्द काढत नाहीत. तिच्या नवऱ्याच्या ओळखीतून तिथल्या एका दुकानात दिवसाला दोन-तीन तासांचं काम मामांसाठी बघितलं होतं. तेही आता नको म्हणाले. मामा नव्हे, ते दुकानवाले. सोलापूरची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती.

कालपर्यंत मला एक आधार होता, अण्णा. तो काय होता ते लिहायला लाज वाटते. मामांना खरंच वाटतंय की हात त्यांचाच चुकला, असं मी धरून चालले होते. म्हणजे एक दिवस मी जाऊन खरं सांगेन, त्यांचं ओझं उतरेल, माझंही उतरेल. वाईट माणसालाही असा एखादा दिवस पुढं ठेवून जगता येतं.

आज सकाळी तोही गेला. फिटर गेल्यापासून मला एक गोष्ट टोचत होती: त्या दिवशी मामांनी पहिला बुश ढिला का कापला? त्यांचा हात इतका कधीच चुकत नाही. तुम्ही सुरू केलेली ती पद्धत अजून चालू आहे, हे तुम्हाला ठाऊक नसेल. प्रत्येक लॉटमधला एक बुश आपल्याकडे ठेवायचा, तारेत ओवून, चिठ्ठी बांधून, लेथमागच्या भिंतीवर. तुम्ही त्याला साक्षीदार म्हणायचात. मामांनी एकही लॉट चुकवला नव्हता. मी तार खाली उतरवली आणि तुमच्या मायक्रोमीटरनं एकेक मोजायला लागले. आई होती तोपर्यंतचे सगळे कार्डाप्रमाणे. हाताला जरा जड, रंगानं दुधाळ पिवळे. त्यानंतरचे पांढरेशुभ्र, हलके, आणि एकजात सगळ्यांचं भोक कार्डापेक्षा मोठं, दोन केसांनी, तीन केसांनी. मागाचे कमी, पाण्याजवळच्या मशिनींचे जास्त. प्रत्येकाचा विचार करून.

म्हणजे मामांना पहिल्यापासून माहीत होतं. न उकळलेल्या नायलॉनची सालपटं लांब, कोरडी निघतात, ती त्यांच्या हाताला पहिल्याच तुकड्याला कळली असणार. दर खेपेला त्यांनी मला विचारलं, उकळलाय न्हवं? दर खेपेला मी हो म्हणाले. आणि दर खेपेला त्यांनी लेथकडे जाऊन माझा 'हो' गाळून माप घेतलं. आई गेल्यापासून दोन वर्षं. त्यामुळे एकही बुश परत आला नाही, आणि मी समजत राहिले की उकळणं वगैरे तुमच्या काळचं, आताचा माल सुधारला असेल. फक्त त्या बुधवारी मी गेज घेऊन मध्ये आले, आणि परक्या माणसासमोर त्यांना माझ्या खोट्याच्या मापानं कापायला लावलं. त्यांनी विचारलं ते स्वतःसाठी नव्हतं. मला सुटायला एक जागा ठेवली होती.

तेव्हा आता मी मामांना सांगायचं काय? त्यांना माहीत नाही असं माझ्याजवळ काहीच नाही. माफी मागितली तर ते "जाऊ दे अम्मा" म्हणतील आणि माझाच डोळा पुसायला फडकं शोधतील. ती माफी मलाच लागेल, त्यांच्या काय कामाची? त्यांचं गेलं ते नाव. ते माझ्याकडे नाही, ते रस्त्यावर आहे, फिटरच्या तोंडी आहे, कुर्डुवाडीच्या त्या दुकानात आहे. ते परत आणायचं तर मला चार लोकांसमोर म्हणावं लागेल की दुकानाची मालकीण दोन वर्षं खोटं बोलत होती, आणि मग या दुकानाच्या कार्डावर, तुमच्या अक्षरावर, कोण विश्वास ठेवील? मी दोन्ही बाजूंनी मोजून पाहिलं. कुठूनच बसत नाही. आणि बसलं तरी, सत्तरी ओलांडलेला माणूस एकदा मायक्रोमीटर ठेवून गेला तो काही परत लेथवर उभा राहत नाही.

आज दुपारी नवं पातेलं आणलं. रंगखात्याचे नवे बुश मीच लेथवर अर्धवट कापले, त्यात चार तास उकळले, आता निवताहेत. तोच वास आला. घरात त्याला नावं ठेवायला कुणी नव्हतं. उद्या सकाळी शेवटचं माप मीच घेणार आहे, जमेल तसं. हे पत्र कुठं टाकायचं नाही. कार्डांच्या खणात, त्या कार्डाखाली सरकवून ठेवीन.

जुनं पातेलं कुठं गेलं ते तुम्ही विचाराल. आई गेली त्याच महिन्यात ते मी दारावरच्या भांडीवाल्याला दिलं आणि बदल्यात एक स्टीलचा डबा घेतला. त्याला फुली दिसली, त्यानं विचारलंही, ताई, हे खुणेचं दिसतंय, ठेवता का? मी नको म्हणाले. त्या डब्यात चहापूड असते. काल फिटरला चहा दिला तो त्यातलाच.

उद्या मामा त्यांची हत्यारांची पेटी न्यायला येणार आहेत. कुर्डुवाडीची सकाळची गाडी धरून दहापर्यंत इथं पोचतील, असं मुलगी म्हणाली. फिटर अकराला बुश घ्यायला येईल. मामा बसले, चहा घेतला, भिंतीवर मी परत टांगलेली तार पाहिली, तर अकरा वाजता दोघं एकाच वेळी माझ्या टेबलासमोर असतील, आणि जे बोलायचं आहे ते तेव्हाच बोलावं लागेल. मामांनी पेटी उचलावी आणि अकराच्या आत निघून जावं, असं आज दिवसभरात दोनदा माझ्या मनात आलं.